राबाच्या दिवसांतलं बेसन

राब पेटले की मला बेसनाचा वास येतो. खरं तर यायला नको. राबाचा वास म्हणजे शेणाचा, पातेऱ्याचा, ऐनाच्या वाळक्या डहाळ्यांचा आणि वर पसरलेली माती तापली की तिचा. हा वास मी जन्मापासून घेत आले आहे. पण गेल्या वर्षी त्यात बेसन मिसळलं, बेसनात हळद, हळदीत लिंबू, आणि आता काही केल्या ते वेगळं होत नाही. आज सकाळी समोरच्या टेकाडावर कुणाचा तरी धूर उभा राहिला आणि मला उगीच हात धुवावेसे वाटले.

जामसरच्या पलीकडे आमचा पाडा. पावसाआधी भाताचं आणि नाचणीचं रोप जिथे टाकायचं, तो तुकडा आम्ही आधी भाजून घेतो. खाली शेण, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, त्यावर तोडलेल्या फांद्या, मग गवत आणि सगळ्यावर बारीक माती. असा थर रचून पेटवला की तण मरतं, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने येतं. होळी झाली की हे काम सुरू होतं ते आखातीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं. म्हणजे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि वर आग. या दोन महिन्यांत माणसाचा जो रंग होतो, त्याला आमच्याकडे काही नाव नव्हतं. सगळेच तसे होतात, मग नाव कशाला ठेवायचं? पावसात तो रंग थोडा उतरतो, थंडीत आणखी थोडा. चैत्रात परत येतो. पाहुण्यासारखा येतो-जातो, त्याला कुणी दारात अडवत नाही.

गेल्या वर्षी मात्र मला कळलं की हा रोग आहे आणि त्यावर औषध आहे.

हे मला मोखाड्याच्या बाईंनी शिकवलं. बाई म्हणजे शाळेत शिकवून आता घरी बसलेल्या. त्यांचा मुलगा किरण मोखाड्यालाच कचेरीत नोकरीला आहे. माझी मुलगी जयू जव्हारला बारावीपर्यंत शिकली, तेव्हाची तिची आणि किरणची ओळख. एकदा जयूने मला विहिरीवर सांगितलं, "आये, त्याच्या घरची येतील बघायला. मला तोच पायजे." हंडा डोक्यावर ठेवता ठेवता सांगितलं, म्हणजे मला मान वर करून तिच्याकडे बघता येऊ नये. मी म्हटलं, "बरं." मला एवढंच बोलता येतं. पण आतून मी तिथेच ठरवलं होतं की हिला तोच मिळाला पाहिजे. एकुलती एक आहे, आणि आजवर काही मागितलं नाही तिने.

शिमग्यानंतर बाई किरणला घेऊन आल्या. छत्री घेऊन आल्या. उन्हाळ्यात छत्री घेणारी बाई आमच्या पाड्याने पहिल्यांदाच बघितली. पोरं तिच्या मागे मागे ओटीपर्यंत आली. एकाने तर वर आभाळाकडे बघून घेतलं. बाईंनी चहा घेतला, जयूला जवळ बसवलं, आणि तिचा हात हातात घेऊन बांगड्या वर सरकवल्या. बांगड्यांखाली उन्हाने न रापलेला जो पट्टा असतो, तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून बघितला. बाजारात बैलाचा ओठ वर करून दात बघतात ना, तसाच.

"बघा," त्या किरणला म्हणाल्या, "मूळ रंग चांगला आहे. हा सगळा टॅन आहे. जाईल."

किरणने बघितलं. बघून मान हलवली. तो मुलगा तेव्हा मला माठासारखा वाटला, थंड आणि गप्प. भाजीत मीठ आहे की नाही हेही त्याने आईकडे बघूनच सांगितलं असतं.

"जयूची आई," बाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडे उन्हात फार काम करतात ना, त्याने होतं असं. आखातीला आम्ही पक्कं करायला येऊ. तोवर हिला सावलीत ठेवा. मी सांगते ते घरगुती उपाय करा. सगळं नैसर्गिक आहे, काही अपाय नाही. लग्नाचे फोटो जन्मभर राहतात."

तुमच्याकडे. हे ऐकून माझ्या तोंडात जे आलं होतं ते मी चहाबरोबर गिळलं. ह्या बाई मूळच्या वांगणीच्या, आमच्यासारख्याच पाड्यावरच्या. त्यांची आई आणि माझी आई डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन जव्हारच्या बाजारात बरोबर यायच्या. एकाच झाडाखाली टेकायच्या, एकाच गाडग्यातली पेज प्यायच्या. बाईंनी स्वतः लहानपणी मोळी वाहिलेली मी पाहिली आहे. तेव्हा त्यांच्या मूळ रंगाचा पट्टा कुणी उजेडात धरून बघितला नव्हता. पुढे शिकल्या, शाळेत लागल्या, स्लॅबचं घर झालं, याचं मला वाईट वाटत नाही. शिकल्या ते चांगलंच झालं. पण तांदूळ अजूनही उन्हातूनच त्यांच्या घरात येतो, हे त्या कधी विसरल्या ते कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जयूच्या फोनवर बाईंचा आवाज यायला लागला. सकाळी एक उपाय, संध्याकाळी एक. "बेसन, हळद आणि दही एकत्र करून लावा. वीस मिनिटांनी थंड पाण्याने धुवा." "मसुराची डाळ रात्रभर कच्च्या दुधात भिजवा." "टोमॅटोची फोड गोलगोल फिरवा." "बटाट्याचा रस कापसाने लावा." "काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडून राहा."

मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण एवढं मला कळतं की ह्यातली एकही वस्तू लावायची नाही, खायची आहे. आमच्याकडे मसूर पाहुण्याला करतात. दूध पिशवीतलं, चहापुरतं. टोमॅटो बाजाराच्या दिवशी जव्हारहून येतात आणि आठवडाभर पुरवायचे असतात. आणि काकडी! चैत्रात काकडी शोधायला निघालेल्या माणसाला आमच्या डोंगरात लोकांनी वेडं समजून बांधून घरी पोचवलं असतं. आमची काकडी पावसात येते. पण बाईंच्या फोनमधल्या काकडीला ऋतू नाही. तिथे सगळं बारा महिने मिळतं आणि सगळ्यांना दुपारी डोळे मिटून पडायला वेळ असतो.

घरगुती म्हणतात. कुणाच्या घरातलं, ते सांगत नाहीत.

तरी मी केलं. माझी मलाच लाज वाटते, पण केलं. पाट्यावर मसूर वाटला. जयू ओटीवर भिंतीला टेकून बसायची, तोंडाला पिवळा लेप, दोन्ही हात पुढे धरलेले, जसं काही कुणी तिच्या हातांवर सूत गुंडाळणार आहे. हनुवटीवरून बेसन खाली पडायचं ते कोंबड्या टिपायच्या. शेळीने दोनदा येऊन तिचा कोपर चाटून साफ केला. त्या महिन्यात त्या उपायांचा खरा गुण शेळीला आला. तिची कातडी नुसती चमकत होती.

जयू हसायची. लेप वाळला की तोंड उघडता येत नसे, तर नाकातून हसायची. "आये, मी पिठल्यासारखी दिसते का?"

"पिठलं बरं," मी म्हणायचे, "पोटात तरी जातं."

मग ती फोनवर किरणला फोटो पाठवायची. लेप लावलेला नव्हे, धुतल्यावरचा. तिला खरंच वाटत होतं की रोज थोडं थोडं उतरतंय. मलाही एखाद्या सकाळी वाटायचं. मग लक्षात यायचं की उतरतंय ते बेसनाने नाही. तिला मी राबावरून काढून ओटीवर बसवली आहे, म्हणून उतरतंय. तिच्या बापाला त्या वर्षी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर मुक्काम पडला होता, आखातीच्या आधी सुटका नव्हती. म्हणजे राबाला आम्ही दोघीच, आणि त्यातली एक सावलीत. शेण मी वाहिलं, पातेरा मी गोळा केला, झाडावर चढून फांद्या मी तोडल्या. आणि वर तिचं तोंड धुवायला पाणीही मीच आणलं. चैत्रात आमची विहीर तळ दाखवते. खालच्या झऱ्यावर जावं लागतं, वाटीवाटीने हंडा भरावा लागतो आणि तो घेऊन चढण चढावी लागते. "थंड पाण्याने धुवा" एवढं बोलायला बाईंना एक श्वास लागत होता. मला अर्धी सकाळ लागत होती.

एकदा हंडा उतरवून मी तिच्याजवळ बसले आणि आम्हा दोघींचे हात शेजारी ठेवले. तिचा जेवढा उतरला होता, तेवढा माझ्यावर चढला होता. तेव्हा मला हे औषध पुरतं कळलं. बेसन, दही, टोमॅटो ही नुसती तोंडदेखली. खरं औषध एकच, आपल्या वाटणीचं ऊन दुसऱ्या कुणाला तरी देणं. ज्यांच्याकडे असं दुसरं माणूस आहे ते गोरे राहतात आणि वर सांगतात की लिंबाने झालं.

शिरपामाळला फिरायला लोक येतात. बाजारातून परत येताना वाटेत दिसतात. नाकावर पांढरं मलम, डोक्यावर टोपी, हातांना कापडी मोजे. बायकांनी ओढणीने तोंड असं बांधलेलं की नुसते डोळे. एकीने मला थांबवून विचारलं होतं, "मावशी, तुम्ही उन्हात फिरता तर काय लावता?" मी लाजून हसले. मला अनोळखी माणसाशी बोलताच येत नाही. ती तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "बघ, ह्यांची स्किन कशी नॅचरल असते." लिंबू नैसर्गिक, दही नैसर्गिक, मावशीची कातडी नैसर्गिक. ऊन तेवढं कुणी कारखान्यात बनवून आणलंय. त्याच्यापासूनच सगळे पळतात.

आखातीला चार दिवस राहिले होते. दोन राब भाजून झाले होते, मोठा राहिला होता. राब पेटवायचा तो भल्या सकाळी, वारा निजलेला असताना, आणि वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग रांगत रांगत जाते. आठच्या आत पेटवायचा आणि एकाने एका कडेला, एकाने दुसऱ्या कडेला डहाळ घेऊन उभं राहायचं. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पण त्या सकाळी बाईंचा शेवटचा आणि सगळ्यात भारी उपाय आला होता. "आता चारच दिवस आहेत, तर लिंबाचा रस जास्त घ्या. हातांना कोपरापर्यंत नुसता रस चोळा, तोंडाला बेसनात कालवून. एक तास ठेवा." जयू सात वाजता लावून बसली. मी कडेला उभी राहायला दुसरं माणूस हवं म्हणून थांबले. तास झाला. ती म्हणाली, "आये, अजून थोडं. चारच दिवस हायेत." आणखी थांबले. उन्हं अंगणात आली, उंबऱ्यावर चढली. शेवटी मीच म्हटलं, बस तू, मी एकटीच पेटवते. माझ्यासारखी मूर्ख बाई त्या दिवशी जव्हार तालुक्यात दुसरी नसेल. वारा उठायच्या वेळेला, एकटीने, राब पेटवला. कशासाठी? तर लिंबू अंगात मुरावं म्हणून.

आधी नीट रांगत होता. मग खालच्या ओहळातून वाऱ्याची एक झुळूक आली आणि आगीने मान वर केली. बांधावरचं वाळकं गवत धरलं. गवताच्या पलीकडे आमची पेंढ्याची गंज, आणि गंजीला लागून कुडाचा गोठा. मी डहाळीने मारत होते, एका जागी विझत होती, तीन जागी पेटत होती. मला ओरडताही येईना. माझा आवाज अशा वेळेला आत जातो. धुराने तोंड भरलं होतं.

जयूने ओटीवरून बघितलं. तिचं पिवळं तोंड धुरातून माझ्याकडे धावत आलं तेव्हा क्षणभर मलाच भीती वाटली. तिने माझ्या हातातली डहाळी ओढून घेतली. "आये, तू गोठ्याकडं हो! गाय सोड!" मी गाय सोडली. जयू दुपारपर्यंत बांधावर होती. आग विझली, मग निखारे विझवले, मग मातीने बुजवलं. गंज अर्धी गेली, गोठा वाचला. लिंबू तसंच हातांवर, घामाने वाहून मनगटापर्यंत आलेलं, आणि वरून बाराचं ऊन.

रात्रीपर्यंत आग आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी हात लाल, तिसऱ्या दिवशी फोड. फोड बसले आणि खाली काळपट तपकिरी रेघा उमटल्या, कोपरापासून मनगटापर्यंत, रस जिथून जिथून ओघळला होता तिथून तिथून. एक डाग जबड्याखाली. नुसत्या उन्हाने असं कधी कुणाला झालं नव्हतं. लिंबू लावून उन्हात जायचं नसतं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची गरज वाटली नसेल. लिंबू लावून कुणी उन्हात जाईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. दुपारी घरात बसून चालत नाही अशीही घरं असतात, हे त्या विसरल्या होत्या. खडकावरची कोरफड कापून मी तिच्या हातांना गर लावला. त्याने थंड वाटलं, एवढं मी मान्य करते. पण थंड वाटणं वेगळं आणि गोरं होणं वेगळं.

आखातीला जयूचा बाप भट्टीवरून आला. अंगावर विटांची लाल धूळ अजून होती. दुपारी जीप आली. बाई, किरण, पेढ्यांचा पुडा. जयू पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून आली, पण चहाची बशी पुढे करताना बाही मागे सरकली.

"अगं, हे काय?" बाईंनी हात धरला. "मी सांगितलं ते लावलं नाहीस?"

"लावलं."

"मग?"

"मग आग लागली."

"कुठे आग लागली?"

"राबाला," जयू म्हणाली. "गोठा गेला असता, बाई."

किरणने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. त्याने कप परत उचलला.

बाईंनी जबड्याखालचा डाग बघितला, हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून. "हे सहा महिने तरी जाणार नाही. अशा अवस्थेत मांडवात बसवायची म्हणजे… लोक विचारतील, भाजली का म्हणून. आपण असं करू, घाई नको. दिवाळीनंतर बघू. डाग गेले की पक्कं. तोवर कच्च्या पपईचा गर–"

"नको."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं, दारात कुणी आलं का म्हणून. दारात कुणी नव्हतं. मी बोलले होते.

"काय नको, जयूची आई?"

"पपई पण नको," मी म्हटलं, "आणि दिवाळी पण नको."

एवढंच. मग मी आत जाऊन चुलीपुढे बसले. जीप गेल्याचा आवाज ऐकला. मला वाटलं होतं की मी मुलीच्या बाजूने बोलले. जयू आत आली तेव्हा कळलं.

"तोंड फुटलं ते आजच?" ती म्हणाली. "सगळा जन्म गप्प बसलीस ना, आये? अजून एक दिस बसली असतीस तर काय झालं असतं?"

तिला तो हवा होता. बाईंचा तिटकारा मला आला होता, तिला नाही. तिने तर सहा महिनेही थांबायची तयारी केली होती, पपईही लावली असती. मी एका शब्दात तिचं लग्न मोडलं, आणि तो शब्द तिच्यासाठी होता की बांगड्या सरकवल्या तेव्हापासून माझ्या घशात अडकलेला माझाच होता, हे मला अजून सांगता येत नाही.

तो सगळा पावसाळा ती माझ्याशी बोलली नाही. लावणीला आम्ही एकाच खाचरात, खांद्याला खांदा लावून वाकलेल्या असायचो. ती रोपाची जुडी माझ्याकडे न बघता मागे फेकायची, मी न बघता झेलायचे. कामात चूक नव्हती, बाकी सगळं चुकलेलं होतं. मध्येच तिचे हात चिखलातून वर यायचे आणि त्या रेघा ओल्या, काळ्या दिसायच्या. मी मान फिरवायचे. बापाने एकदा समजूत घातली, "अगं सोड ना जयू, आईच हाय ती." तर तिने त्याच्याशीही दोन दिवस बोलणं टाकलं.

डाग गेले. भात कापून झाला, थंडी पडली, आणि एका सकाळी तिने भाकरी थापताना हात पुढे केला तर रेघा नव्हत्या. काही लावलं नव्हतं. लिंबू नाही, पपई नाही, काही नाही. आपल्या आपण गेले, आल्यासारखेच. एवढा सोपा उपाय कुणी फोनवर सांगत नाही. त्यात सांगणाऱ्याचं काही महत्त्वच राहत नाही.

दिवाळी झाल्यावर बाईंचा आवाज परत फोनवर आला. "जयू बेटा, डाग गेले का? किरण अजून थांबलाय." जयूने तो माझ्यासमोर वाजवला. माझी परीक्षा घेत होती, मी काय बोलते ते. मी भांडी घासत राहिले. माझं बोलून झालं होतं. मग तिने फोन तोंडाजवळ धरला.

"गेले, बाई. पण चैत्र आला की मी परत काळी होणार. दर वर्षी होणार. किरणला सांगा, राबाच्या दिवसात येऊन बघून जा. तेव्हा पसंत पडले तर पडले."

त्यावर उत्तर आलं नाही. पौष गेला, माघ गेला. जयू फोनकडे बघत नसल्यासारखं करायची आणि रोज बघायची. मी मनातल्या मनात किरणला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील. माझ्या शिव्या सगळ्या मनातच असतात, त्यामुळे भरपूर साठल्या आहेत.

तीन दिवसांपूर्वी तो आला. रस्ता संपतो तिथे मोटरसायकल लावून चालत आला. पायात बूट, कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हातरुमाल. त्याच्याकडे बघून मला हसू आलं, ते मी दाबलं नाही.

"आईला सांगून आलास?" जयूने विचारलं.

"सांगून आलो. ती बोलत नाहीये."

"छान. मग?"

"सुट्टी टाकली आहे," तो म्हणाला. "आठ दिवस. राबाला आलोय."

आमच्यात पूर्वी असं होतं. ज्याला मुलगी करायची तो मुलगा तिच्या बापाच्या घरी येऊन राहायचा, नांगर धरायचा, राब भाजायचा. कुणी वर्षभर, कुणी दोन वर्षं. घरच्यांनी त्याला उन्हात बघायचं आणि मग ठरवायचं. माझ्या चुलत्याने असंच लग्न केलं होतं. आता हे कुणी करत नाही. सांगायलाही लाजतात. हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. बाईंनीच सांगितलं असेल तर मला त्यांच्याबद्दल वाटणारं थोडं बदलावं लागेल, म्हणून मी विचारलं नाही.

जयूच्या बापाने त्याला ओटीवर जागा दिली. "जावई नाय हां अजून," तो मला हळूच म्हणाला, "गडी हाय. गड्याला चहा कोरा दे." मी कोरा दिला. तो त्याने पिऊन टाकला.

पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी मान लाल झाली, नाकाचं साल निघालं. शेणाची पाटी उचलताना तो श्वास धरून ठेवतो, ते बघून पाड्यातल्या बायका पाणी भरायच्या निमित्ताने बांधावरून दोनदा जातात. जयू त्याला काही सांगत नाही, फक्त दाखवते. कालचा राब पहाटेच पेटवला. तो एका कडेला, ती दुसऱ्या. आग नीट रांगत गेली.

आज दुपारी बाईंचा फोन आला. जयूला नाही, मला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. मी कानाला लावला.

"जयूची आई? किरण कसा आहे? उन्हात फार जाऊ देऊ नका त्याला. त्याची कातडी नाजूक आहे. मी एक मलम पाठवते–"

"पाच दिस राहिलेत अजून," मी म्हटलं. "मलम नको."

मग बाईंचा आवाज आला, पण शाळेतला नाही, वांगणीचा. "मोठा राब झाला का गं? वारा पडलेला असंल तवाच पेटवा. उशीर करू नका." आणि ठेवला.

मी फोन हातात धरून बांधावर गेले. किरण उकिरड्याजवळ उभा होता, मानेला हात लावून बघत होता. कॉलरच्या वर सगळं करपलं होतं, खालचं पांढरं. मला बघून म्हणाला, "काकू, हे जाईल ना?"

मी काही बोलायच्या आत जयू त्याच्याजवळ गेली. मानेकडे तिने नीट बघितलं, हात लावला नाही.

"जाईल पावसात," ती म्हणाली. "पाटी उचल."

त्याने उचलली.